भट्टीतलं गाठोडं

डाग दिसला की नीळकाकांना चैन पडत नसे. मग तो कुणाच्या का कापडावर असेना! एकदा लेकीच्या सासरी पाहुणे म्हणून गेले, चहा पुढ्यात आला, आणि ह्यांचं लक्ष खिडकीच्या पडद्यावर. व्याही काहीतरी बोलताहेत, हे हूं हूं करताहेत, आणि थोड्या वेळानं बघावं तर हे स्टुलावर चढून पडदा उतरवताहेत. "अहो, शोभतं का हे?" नीळकाकू मेल्याहून मेल्यासारखी होऊन कुजबुजली. "मग तो डाग शोभतो का?" असं म्हणून काकांनी पडदा बगलेत मारला. चार दिवसांनी तो असा लख्ख होऊन परत गेला की विहीणबाईंनी उरलेले तीनही पाठवून दिले.

असा माणूस. नीळ कालवून कालवून नखं कायमची निळी झालेली, म्हणून गल्लीनं त्यांचं नाव नीळकाका पाडलं, आणि ओघानंच बायको नीळकाकू झाली. घराच्या पुढच्या अंगाला लॉन्ड्रीचं दुकान, दुकानात इस्त्रीचं टेबल, ते काकूचं राज्य. मधे एक खोली, तिच्यात खाट, कपाट आणि सगळा संसार. मागे अंगण. अंगणात पाण्याचा हौद, कपडे उकळायची मोठी तांब्याची भट्टी, आणि ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आठ दोऱ्या. ते काकांचं राज्य. तिथे काकूनंसुद्धा विचारल्याशिवाय चिमटा हलवायचा नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इस्पितळाच्या चादरी सव्वीस वर्षं ह्या दोऱ्यांवर वाळल्या. इस्पितळाची खूण म्हणजे दोन रेघा आणि एक ठिपका, चादरीच्या कोपऱ्यावर न पुसणाऱ्या शाईनं काढलेली. त्या खुणेचं गाठोडं खांद्यावर असलं की काका जरा ताठ चालायचे.

आता मागच्या भिंतीपलीकडे काय होतं तेही सांगायला हवं. भिंतीपलीकडे नाला, नाल्यापलीकडे मोकळं रान, आणि त्या रानात सगळ्या शहराचा कचरा डेपो. कधी काळी तिथे एक ढीग होता. मग टेकडी झाली, आणि आता चांगला डोंगर. गल्लीत त्याला 'जावई' म्हणायचे. दिवसभर गाड्या भरभरून खायला घालायचं, त्यानं नुसतं लोळायचं, धूर सोडायचा, आणि त्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही! "आज जावईबापू रुसलेत" असं कुणी म्हटलं की बायका खिडक्या लावून घ्यायच्या. हसायच्या आणि लावायच्या. पण हसून हसून किती दिवस काढणार? ओलं, सुकं, प्लॅस्टिक, औषधांच्या बाटल्या, मेलेली जनावरं, सगळं एकत्र कुजायचं, आतल्या आत तापायचं आणि उन्हाळ्यात आपोआप पेट घ्यायचं. जिथे घेत नसे तिथे डेपोवरची माणसंच काडी लावायची, उद्याच्या गाड्यांना जागा व्हावी म्हणून.

दुपारी वारा फिरला की ती काजळी नाला ओलांडून यायची आणि नीट बघून, निवडून, ओल्या पांढऱ्या चादरींवर बसायची. काकांनी आधी साबण बदलला. मग सोडा वाढवला. मग पाणी गाळून घ्यायला लागले. एकेक चादर तीन तीनदा भट्टीत घालायचे आणि संध्याकाळी परत ते काळे ठिपके बघत उभे राहायचे.

"अहो, धूर आहे तो. तुमचा काय दोष त्यात?"

"आळशी माणूस वाऱ्याला नावं ठेवतो. कापडावर डाग राहिला तर तो धुणाऱ्याचा."

काकूनं हात टेकले.

एक दिवस इस्पितळाच्या मेट्रन स्वतः आल्या. बारा चादरी घेऊन आल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, सव्वीस वर्षांची ओळख होती. "काका, पेशंटच्या जखमेखाली असलं कापड कसं घालू? ह्या ठेवा तुमच्याकडेच. पुढचं काम आम्ही दुसरीकडे दिलंय." काकांनी चादरी घेतल्या आणि ते आत गेले. हिवाळा संपत आला होता. दुसऱ्या दिवशी त्याच चादरी पुन्हा उकळायला म्हणून ते भट्टीपाशी बसले, काडी ओढली, आणि तसेच कलंडले.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला. फुप्फुसं भरली आहेत म्हणाले. वाफ नको, पाण्यात हात नको, धूर नको. पहिल्या दोन गोष्टी काकूच्या हातातल्या होत्या. तिसरी कशी टाळायची ते डॉक्टरांनी लिहून दिलं नाही. बाहेर पडताना तिला बाजूला घेऊन मात्र म्हणाले, "असा एक उन्हाळा निघेल, काकू. दुसरा निघेलसं वाटत नाही."

त्या दिवसापासून काकूचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या उन्हाळ्याच्या आत जावयाचा धूर बंद व्हायला हवा. जग इकडचं तिकडे होवो, तिला एवढंच हवं होतं.

समोरच्या घरात विज्ञानाच्या बाई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, तोंडाच्या फटकळ, आणि दम्याचा पंप कायम मुठीत. त्यांनी गल्लीतल्या चाळीस बायकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन शहर समितीकडे तीन चकरा मारल्या होत्या. मागण्या तीनच: ओला आणि सुका कचरा घराघरांतून वेगळा उचला, डेपोवर काडी लावायला बंदी घाला, आणि पडलेल्या कचऱ्यावर रोज मातीचा थर टाका. समितीनं उत्तर दिलं की हवा मोजायचं यंत्र कचेरीच्या गच्चीवर आहे आणि ते म्हणतं हवा उत्तम आहे. आता कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे जावयाचा वाससुद्धा पोचत नाही! तरीही वर्षातून एकदा सुनावणी असते, त्यात पुरावा असेल तर मांडा, असं शेवटी लिहिलं होतं.

"रडून कुणी ऐकत नाही, काकू," बाई म्हणाल्या. "मोजून दाखवावं लागतं. तुमच्याकडे पांढरं कापड आहे का?"

पांढरं कापड! बारा चादरी होत्या की. काकूनं अकरा चादरींच्या हातभर लांब पट्ट्या कापल्या, आणि पुन्हा धुऊन, ठिपका राहिलेल्या बाजूला काढून, स्वच्छ तेवढ्या निवडल्या. रोज सकाळी एक पट्टी अंगणातल्या शेवटच्या दोरीवर. संध्याकाळी बाई यायच्या, पट्टी उतरवायच्या, खुणेच्या शाईनं कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख घालायच्या, खाली दोघींच्या सह्या. कधी पट्टी राखाडी निघायची, कधी काळी ठिक्कर. काळी निघाली की बाई खूश व्हायच्या आणि मग स्वतःचीच लाज वाटून पंप ओढायच्या.

काकांना ह्यातलं काही सांगायचं नाही असं काकूनं ठरवलं. का, तर त्यांना डाग दिसता कामा नये. खाटेवर पडल्या पडल्या एकदा चहाचं फडकं मळलेलं दिसलं, तर हा माणूस भिंत धरत धरत हौदापर्यंत गेला होता आणि मग दोन तास धापा टाकत पडला होता. अशाला पट्ट्या कशा दाखवणार? बाईंकडे जाते, अर्जाची कागदपत्रं करतो, एवढंच ती सांगायची. "चालू दे तुमचं," काका म्हणायचे. पट्ट्या तिनं उरलेल्या बाराव्या चादरीत बांधल्या, आणि ते गाठोडं ठेवलं कुठे, तर थंड पडलेल्या भट्टीत. वरून झाकण. डॉक्टरांनी भट्टी बंद केली होती, तेव्हा तिथे कोण बघायला जातंय? काकूला आपल्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

एक उन्हाळा निघाला. कसा निघाला ते काकूलाच ठाऊक. पुन्हा हिवाळा आला, उतरणीला लागला, आणि सुनावणीची तारीख हातात पडली. गाठोड्यात तीनशे चौसष्ट पट्ट्या जमल्या होत्या. उन्हाळा सुरू व्हायला अजून तीन आठवडे होते.

आदल्या दिवशी त्या दोघी उरलेल्या सह्यांसाठी घरोघर फिरल्या. काकू दुपारी परतली तर दारातच सोड्याचा वास. तो ओला, गरम, ओळखीचा वास वर्षभरात तिला आला नव्हता.

मधल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या होत्या. खाटेवरून, कपाटावरून, दारावरून. आणि त्यांवर पट्ट्याच पट्ट्या. पांढऱ्याशुभ्र. खाटेच्या कडेला काका बसले होते, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, छाती भात्यासारखी चाललेली, आणि नखं ताजी निळी.

"ये, ये. डोकं खाली घालून ये, ओलं आहे." मग दम घ्यायला थांबले. "आज बरं वाटत होतं. म्हटलं भट्टीला जरा हात लावून यावं. झाकण काढतो तर काय! इस्पितळाची खूण! दोन रेघा, ठिपका! मी पडलो त्या दिवशी उकळायला टाकलेलं असणार, आणि मग धावपळीत राहून गेलं. वर्ष झालं गं. वर्षभर लोकांचं कापड आपल्या भट्टीत मळकं पडून!"

"अहो..."

"तुला बोल नाही लावत. तू माझं करत होतीस. मला वाटलं चादरी असतील, तर ह्या पट्ट्या निघाल्या. जखमेच्या असणार. कोपऱ्यात काहीतरी बारीक लिहिलंय, चष्मा सापडला नाही. पण कसली काजळी होती म्हणून सांगू! पाच पाणी काढली. बघ तरी हात लावून."

काकूनं हात लावला. कोपऱ्यात बाईंच्या अक्षरातली तारीख जशीच्या तशी होती. बाकी काही नव्हतं.

"आणि बाहेर नाही घातल्या वाळत," काका म्हणाले. "बाहेर तो मेला धूर. तू म्हणायचीस ते खरं होतं बघ. असली काजळी माणसाच्या हातून लागत नाही. आज धुताना कळलं मला. मी उगाच इतके दिवस स्वतःला खात बसलो."

काकूच्या तोंडात शब्द आले होते. हो, आले होते, आणि चांगले तिखट आले होते. घात केलात. माझं वर्ष पाण्यात घातलंत. उद्या आता काय घेऊन उभी राहू, तुमचं डोंबल? तिनं तोंड उघडलंही. आणि मग तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. वर्षभर मातकट पडलेल्या त्या चेहऱ्यावर रंग होता. शाळेत पहिला नंबर आल्यासारखा माणूस तिच्याकडे बघत होता.

"छान झाल्यात," ती म्हणाली.

"उद्या नेऊन दे. मेट्रनना म्हणावं, उशीर झाला, माफ करा. आणि काय म्हणतात ते नीट ऐकून ये हं."

"हो."

ती मागे अंगणात गेली. निदान हौदातलं काळं पाणी असेल, बाटलीत भरून नेता येईल, असं तिच्या मनात आलं होतं. पण काकांनी हौदसुद्धा घासून कोरडा करून ठेवला होता. अर्धवट काम त्यांना जन्मात जमलं नाही. काकू भट्टीच्या आडोशाला बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. धूर आहे हे आज ते आपणहून म्हणाले. म्हणजे पट्ट्यांचं सांगितलं असतं तर ऐकलं असतं. एका वाक्याचं काम होतं, आणि तिनं वर्षभर ते गिळून ठेवलं होतं.

सकाळी बाईंना सांगितलं तेव्हा त्या यादीचा कागद घेऊन बसल्या होत्या. "एकही नाही राहिली?"

"कालची एक. शेवटच्या दोरीवर होती, चष्म्याविना त्यांना दिसली नाही."

बाईंनी पंप ओढला आणि चपला घातल्या. "चला," त्या म्हणाल्या. "यादीत तीनशे चौसष्ट पट्ट्या लिहून दिल्यात. न्याव्या तर लागतीलच."

सुनावणीची खोली लांबट होती, पंखे गरगरत होते, आणि समितीच्या अध्यक्षांना पडसं झालं होतं. कारकुनानं यादी वाचली. गाठोडं टेबलावर सोडलं. अध्यक्षांनी एक पट्टी उचलली, उलटी केली, सुलटी केली.

"धुरानं काळवंडलेल्या पट्ट्या, असं लिहिलंय इथे."

"होत्या, साहेब," काकू म्हणाली. "काल माझ्या नवऱ्यानं धुतल्या."

आधी क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी फसकन हसलं, आणि मग सगळी खोलीच हसली. लॉन्ड्रीवालीनं पुरावाच धुऊन आणला! डेपोच्या ठेकेदाराचे वकील उठून म्हणाले की ह्या बाईंच्या अंगणातली हवा किती स्वच्छ आहे हे त्यांनी स्वतःच सिद्ध केलंय, आमचं आणखी काही म्हणणं नाही. विज्ञानाच्या बाई तावातावानं उभ्या राहिल्या, बोलता बोलता त्यांना धाप लागली, आणि शिपायानं त्यांना पाणी आणून दिलं. काकूनं आदल्या दिवशीची एक काळी पट्टी पुढे केली.

"एका दिवसावरून शहराचे नियम बदलत नाहीत, बाई," अध्यक्ष म्हणाले. आवाज वाईट नव्हता. "पुढच्या वर्षी या. पुरावा घेऊन या." मग ती पांढरी पट्टी खिडकीच्या उजेडाकडे धरून म्हणाले, "पण एक आहे हं. इतकं पांढरं कापड मी आजवर पाहिलेलं नाही." पुन्हा हशा झाला.

"साहेब, पुढच्या वर्षापर्यंत ते नाहीत हो राहायचे."

"कोण?"

"धुणारे."

अध्यक्षांनी मान खाली घातली, नाक पुसलं, आणि कारकुनानं पुढचा विषय पुकारला.

घरी काका उशीला टेकून दाराकडे डोळे लावून बसले होते. कालच्या वाफेनं त्यांना रात्रभर खोकला लागला होता, ओठ काळसर दिसत होते. "दिलंस का? काय म्हणाल्या मेट्रन?"

काकूनं चपला काढल्या. एक कोपऱ्यात, दुसरी तिच्या शेजारी, नीट लावून ठेवल्या.

"म्हणाल्या, इतकं पांढरं कापड मी आजवर पाहिलेलं नाही."

"असं म्हणाल्या?"

"अगदी ह्याच शब्दांत. उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाल्या."

"उजेडाकडे धरून बघितलं," काका म्हणाले आणि डोळे मिटून हसत पडून राहिले.

मग जो येईल त्याला ते ऐकावं लागलं. दूधवाल्याला, लेकीला, तपासायला आलेल्या डॉक्टरांना. विज्ञानाच्या बाईंना तर तीनदा. बाई खाटेशेजारी स्टुलावर बसून मुकाट ऐकायच्या, आणि "वा, काका, वा!" म्हणायच्या. धुतलेल्या पट्ट्या त्यांच्याच कपाटात होत्या. त्यांच्या गच्चीवर रोज सकाळी नवीन पट्टी चढत होती, घरोघरच्या जुन्या चादरींतून कापलेली, पुन्हा पहिल्या दिवसापासून.

उन्हाळा आला तो पेटूनच. जावयाच्या पोटात कुठेतरी खोल आग लागली आणि अकरा दिवस धुमसली. काकूनं खिडक्यांच्या फटींत ओली कापडं कोंबली, दाराला ओली चादर लावली, ती वाळली की पुन्हा भिजवली. धूर तरीही आत येऊन खाटेपाशी बसायचा. लेक येऊन राहिली. डॉक्टर म्हणाले इस्पितळात हलवू, तर काका इस्पितळाच्या चादरींचं नाव काढून म्हणाले, "तिथे आता दुसऱ्याचं धुणं आहे, मला झोप नाही यायची." नवव्या दिवशी त्यांनी काकूला खुणेनं जवळ बोलावलं.

"मेट्रन काय म्हणाल्या होत्या गं?"

तिनं हळूच ते वाक्य सांगितलं.

"जरा मोठ्यानं सांग. छातीत घरघर आहे, ऐकू येत नाही."

काकूनं मोठ्यानं सांगितलं. त्यांनी निळं नख अंगठ्यानं चोळलं, जसं काम संपल्यावर चोळायचे. त्याच दुपारी ते गेले. संध्याकाळी बाई एकट्याच गच्चीवर गेल्या, पट्टी उतरवली, तारीख घातली आणि स्वतःची सही केली. काकूच्या सहीची जागा तशीच ठेवली. काकूनं ती बाराव्या दिवशी केली.

लोकांना वाटलं आता ही बाई हे सगळं सोडून देईल. काकू सोडणार कशाला? तिला आता घाईच नव्हती. ज्याची घाई होती ते होऊन गेलं होतं. ती शांतपणे रोज पट्टी लावत राहिली, आणि दुपारी बाईंबरोबर दुसऱ्या गल्ल्यांत जात राहिली. नाल्याच्या खालच्या अंगाला राहणारे, डेपोवर भंगार वेचणारे, इस्पितळातल्या नर्स, सगळ्यांशी बोलली. चाळीस सह्यांच्या अकराशे झाल्या. डेपोवर काडी लावणारा एक माणूससुद्धा येऊन सही करून गेला. त्याच्याही घरात खोकणारी म्हातारी होती.

दुसऱ्या सुनावणीला खोली तीच, अध्यक्ष तेच. त्या दिवशी पडसं नव्हतं. बाईंनी आधीच परवानगी काढून खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन दोन दोऱ्या बांधल्या होत्या, वरखाली, पाच फेऱ्यांत. काकूनं स्वतः एकेक पट्टी चिमट्यानं लावली.

"साहेब," ती म्हणाली, "वरची गेल्या वर्षीची. त्यांनी धुतलेली. खाली त्याच तारखेची यंदाची. ती कुणी धुतलेली नाही. आमच्याकडे आता धुणारं कुणी नाही."

अध्यक्ष उठले आणि दोरीच्या कडेकडेनं चालायला लागले. वर पांढरी, खाली राखाडी. वर पांढरी, खाली काळी. उन्हाळ्याच्या तारखा आल्या तसे त्यांचे पाय मंदावले. एका पट्टीपाशी ते थांबले. तिच्यावरच्या दोन सह्या वेगवेगळ्या दिवसांच्या शाईच्या दिसत होत्या.

"ही?"

"त्या दिवशी ते गेले."

वकीलसाहेब उठले होते ते पुन्हा बसले. अध्यक्षांनी वरची पट्टी बोटांत धरली, काहीतरी आठवल्यासारखं काकूकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. तिन्ही मागण्या त्या दिवशी हात वर करून मंजूर झाल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांना दिसलं की काकू पाठमोरी होऊन पांढऱ्या पट्ट्या उतरवतेय, एकेकीची घडी घालून छातीशी धरतेय, आणि टाळ्या आपोआप थांबल्या.

धूर काही एका दिवसात थांबला नाही. दोन डबे ठेवायचे म्हणून लोक कुरकुरले, भांडले, मग शिकले. भंगार वेचणाऱ्यांना सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये काम मिळालं. पुढच्या उन्हाळ्यात जावई एकदाच धुमसला, आणि सहा तासांत त्याच्यावर माती पडली. "जावईबापूंना आता घरी सांगितलंय, सिगारेट बंद," गल्लीतल्या बायका म्हणाल्या. काकूलाही हसू आलं. त्या हसण्यासरशी तिनं मधल्या खोलीकडे बघितलं आणि मग तोंड फिरवून इस्त्री गरम झालीय का ते पाहिलं.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी तिनं भट्टी पेटवली. इस्पितळानं एकच चादर धुवायला पाठवली होती, बघू म्हणून. काकूनं पाच पाणी काढली, शेवटी नीळ घातली, आणि चादर बाहेर, अंगणात, मधल्या दोरीवर वाळत घातली. दिवसभर ती स्टूल टाकून तिच्यासमोर बसली होती. संध्याकाळी उतरवली तेव्हा सकाळी होती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मेट्रन आल्या. चादर त्यांनी टेबलावर पसरली, हात फिरवला. "स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून पाठवते सगळं." कोपऱ्यातली खूण चाचपत म्हणाल्या, "काका असते तर..."

"मेट्रनबाई, माझं एक काम कराल?" काकू म्हणाली. "चादर उजेडाकडे धरा आणि एक वाक्य म्हणा. म्हणा, इतकं पांढरं कापड मी आजवर पाहिलेलं नाही."

मेट्रननी तिच्याकडे नवलानं बघितलं. पण सव्वीस वर्षं आणि वर दोन वर्षं, त्याही माणसं बघत आल्या होत्या. काही न विचारता त्यांनी चादरीचं टोक दाराच्या उजेडाकडे धरलं आणि ते वाक्य म्हटलं.

"जरा मोठ्यानं म्हणा," काकू म्हणाली, आणि मधल्या खोलीचं दार तिनं पूर्ण उघडलं.

आत खाट होती, तिच्यावर गादीची गुंडाळी होती. मेट्रननी खाटेकडे बघून ते वाक्य पुन्हा म्हटलं, चांगलं मोठ्यानं. काकूनं मान हलवली, चादर त्यांच्या हातातून घेतली आणि घडी घालायला लागली.